रंगवलेल्या जीपला त्याच जागी परत गंज येतोय? आधी पाणी शोधा

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. जुनी महिंद्रा, मग ती सीजे-३बी असो, सीजे-५०० असो की एमएम-५४०, दिवाळीनंतर डेंटिंग-पेंटिंगला टाकली. शिमग्यापर्यंत गाडी चकाचक. मग एक पावसाळा जातो, दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायला घ्यावं तर ड्रायव्हरच्या पायाखाली, मागच्या चाकावरच्या पेटीच्या मुळाशी आणि टेलगेटच्या खालच्या कडेला रंगाला फोड. पेंटर प्रायमरला बोल लावतो, प्रायमर विकणारा थिनरला आणि मालक कोकणच्या हवेला. परत घासाघीस, परत रेड ऑक्साईड, परत रंग. पुढच्या दसऱ्याला परत तेच.

माझं म्हणणं असं की गंज दर खेपेला त्याच जागी उगवत असेल तर रंगाला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे पाणी साचतंय, किंवा मीठ उरलंय, किंवा त्या पत्र्याच्या मागच्या अंगाला आजवर कोणी हातच लावलेला नाही. रंगाचं काम सगळ्यात शेवटी येतं आणि आपण सगळे सुरुवातच तिथून करतो.

ही गाडी मुळात कशी बांधली आहे ते एकदा लक्षात घ्या. विलीजने सीजे-३बी बाजारात आणली १९५३ च्या सुमारास. नवं इंजिन उंच, म्हणून बोनेटही उंच. महिंद्राने तीच गाडी परवान्यावर आपल्याकडे अनेक दशकं बनवली. पण बॉडीची ठेवण दुसऱ्या महायुद्धातल्या एमबी जीपचीच: सपाट पत्र्याचा टब, त्याच्या पोटाला टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या आणि हा सगळा टब चेसिसवर रबरी पॅड ठेवून बोल्टने बसवलेला. एमबीमध्ये तर त्या पट्ट्यांच्या पोटात लाकूड भरलेलं असायचं. युद्धात गाडी दोन-चार वर्षं चालली तरी भागत होतं. तीच गाडी पन्नास पावसाळे काढेल आणि तेही चिपळूण-दापोलीकडचे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसणार.

फोड बघून कारण ओळखा

सँडपेपर हातात घेण्याआधी नुसतं बघा. गंज कसा परत आलाय यावरून तो कुठून आलाय ते बऱ्यापैकी कळतं.

रंगाला कुठे तडा नाही, पण खालून फुगवटा आहे आणि अंगठ्याने दाबला की कुरकुरतो, तर पत्रा मागच्या बाजूने खाल्ला गेलाय. तुम्हाला दिसतोय तो शेवटचा टप्पा. त्याच जागी लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर वर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर आहे. लांबीत टाल्कसारखी पूड असते, ती ओलावा धरून ठेवते. त्यामुळे उघड्या पत्र्यावर किंवा अर्धवट घासलेल्या गंजावर लांबी ओढली की आत कायमची ओल राहते.

दोन पत्र्यांच्या जोडावरून तपकिरी ओघळ येत असेल तर पाणी फटीत आहे. अशा फटीत पाणी खेचलं जातं, बाहेर पडत नाही, आणि आतला पत्रा बाहेरच्यापेक्षा लवकर झिजतो. जोडाची कड स्पॉटच्या जागी दबलेली आणि मधे फुगलेली, अशी लाटेसारखी दिसली तर तिथे वरून काहीही लावणं म्हणजे पैसे पाण्यात. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, त्या दाबानेच पत्रे एकमेकांपासून सुटतात.

जुन्या पॅचच्या कडेकडेनेच गंज येतो का? मग पॅच पितळी काडीने लावलेला असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडचे जुने डेंटर पातळ पत्र्याला गॅसवर पितळच मारत. जोड मजबूत होतो, त्याबद्दल वाद नाही, पण फ्लक्सची, म्हणजे जोडताना लावलेल्या पावडरीची, काचेसारखी खपली गरम पाण्याने आणि तारेच्या ब्रशने काढली नाही तर ती रंगाखाली ओल ओढत राहते. शिवाय त्या उष्णतेने मागच्या बाजूचा रंग जळून गेलेला असतो, तिथे नंतर कोणी बघत नाही.

बॅटरीच्या ट्रेखालचा गंज वेगळा. तो ॲसिडचा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफसणं थांबेपर्यंत ओतत राहा, मग धुवा. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली रंग पापुद्र्यासारखा सुटून येत असेल तर ब्रेक ऑईल गळतंय. ते रंग खातं. आधी सील बदला, पत्र्याचं नंतर बघू. बोनेटवर दगड लागून पडलेल्या ठिपक्यांची फार चिंता नको, ते दर दिवाळीला टचअप करायचं काम आहे.

पट्टी उघडल्याशिवाय कळत नाही

नव्वद टक्के दुखणं टबच्या पोटाशी असतं, त्यामुळे इथे वेळ द्या. आधी सीटा, रबरी मॅट आणि मॅटखालचं फोम किंवा ज्यूट काढून टाका, आणि ते परत घालू नका. ओपन जीपमध्ये मॅटखाली फोम म्हणजे गंजाला अंथरूण. सीटखाली पेट्रोलची टाकी असेल तर तीही उतरवून लांब नेऊन ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ असते. टाकी ज्या खळग्यात बसते त्याच्या तळाशी पाणी जायला भोक असतं. ते मातीने बुजलेलं असतं, हे मी न बघताही सांगू शकतो.

आता गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. खाली झोपून हातोडीची मूठ पत्र्यावर वाजवत जा. धड पत्रा खणकन बोलतो, कुजका ठप्प. जिथे ठप्प तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. भोक पडलं तर पडू द्या. ते आधीच पडलेलं होतं, फक्त रंगाने झाकून धरलं होतं.

टोपीच्या पट्टीचे स्पॉट ८ मिमीच्या ड्रिलने सोडवून एक टोक खाली वाकवा. कोकणातल्या गाडीतून आधी जांभ्याची लाल माती पडते, मग पापुद्रे. एक जाडसर पापुद्रा उचलून मोडून बघा. बाहेरून नारिंगी, कोरडा. आतल्या अंगाला काळपट, ओलसर, बोटाला शाई लागल्यासारखा डाग देणारा. काळा थर दिसला की समजायचं, इथे काम अजून चालू आहे, मग बाहेर जानेवारीचं कोरडं ऊन का असेना. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुरात ज्या गाड्या बुडाल्या त्यांच्या चेसिसच्या बंद भागांत आणि या पट्ट्यांत नदीचा बारीक गाळ बसला. तो वरवरच्या सर्व्हिसिंगने निघत नाही. तशी गाडी घेतली असेल तर पट्ट्या उघडण्यावाचून इलाज नाही.

मीठ

किनाऱ्यावरच्या गाडीचं खरं कोडं हे. कर्दे, मुरूड, काशीदच्या वाळूत गाडी घालायची हौस सगळ्यांना असते. समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते हवेतली आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास असली तरी पाणी ओढून घेतं. किनारपट्टीवर आर्द्रता इतकी खाली जातेच कुठे? म्हणजे मीठ बसलेला पत्रा तुमच्या डोळ्यांना कोरडा दिसला तरी प्रत्यक्षात कधीच कोरडा नसतो.

घासून हे मीठ जात नाही. ते पत्र्याला पडलेल्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी असतं. ग्राइंडरची तारेची वाटी खड्ड्याचं तोंड गुळगुळीत करते, वरून पत्रा चकाकतो आणि मीठ आत बंद होतं. पेंटरने 'पांढरा पत्रा काढून दिलाय' असं म्हटल्यावर आपण खूश होतो ते इथेच चुकतं. उपाय धुण्याचा: घासा, जोराच्या धारेने धुवा, वाळवा, परत घासा, परत धुवा. पाणी शक्य तितकं गरम. खाडीकाठच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात त्याने मारू नका. पावसाळ्यात पिंपात धरलेलं पागोळीचं पाणी किंवा बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी वापरा. मग एक रात्र पत्रा तसाच उघडा ठेवा. सकाळी सगळीकडे हलकी पिवळट झाक दिसली तर ठीक, ती दमट हवेची. पण ठरावीक खड्ड्यांत गडद ठिपके उठले तर तिथे मीठ उरलंय. त्या जागी परत पाणी.

एक गोष्ट अजिबात करू नका: संडास धुवायचं ॲसिड. गंज पटकन खातं म्हणून बरेच जण सांगतात. ते हायड्रोक्लोरिक, म्हणजे क्लोराइड काढायला गेलात आणि क्लोराइडच ओतलंत. एकदा ते जोडात शिरलं की निघत नाही.

सुट्या भागांसाठी घरगुती मार्ग चांगले आहेत. बिजागऱ्या, कंस, टेलगेटच्या साखळ्या, हुडाचे हूक यांच्यासाठी प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, ऋण टोक गंजक्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेस स्टीलची पट्टी लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम पडवीत किंवा उघड्यावर करायचं, बंद खोलीत नाही. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट आणि कडक पोलादाचे बोल्ट मात्र यात बुडवायचे नाहीत, हायड्रोजनने ते ठिसूळ होऊ शकतात. ते सरळ नवीन घ्या. वीज नको असेल तर लिंबूफुलाचं पाणी, लिटरला ५० ते १०० ग्रॅम. रात्रभर ठेवा, मग सोड्याच्या पाण्यात धुवा आणि लगेच वाळवा. उसाच्या मळीतही गंज छान निघतो, पण मळी म्हणजे उत्पादन शुल्क खात्याचा विषय, आणि घरात तो वास आठवडाभर कोण सहन करणार.

गंज बदलणारी जी द्रावणं मिळतात ती दोन जातींची. फॉस्फोरिक ॲसिडची आणि टॅनिनची. टॅनिनची लावली की पत्रा निळा-काळा होतो. हिरडा आणि लोखंडापासून शाई होते तीच ही प्रक्रिया. दोन्ही कामाची, पण पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजासाठीच. पापुद्र्यावर ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खालचा आपला उद्योग चालू ठेवतो. फॉस्फोरिकचं न वापरलं गेलेलं ॲसिड पत्र्यावर तसंच सुकलं आणि वर इपॉक्सी प्रायमर मारला तर तो पकडत नाही. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा.

कापायचं कुठे, जोडायचं कसं

भोकाच्या कडेपाशी कापू नका. कडेचा पत्रा कागदासारखा झालेला असतो, वेल्डिंगची ठिणगी पडली की उडून जातो आणि भोक वाढतं. चांगला जाड पत्रा लागेपर्यंत मागे या. पॅचसाठी १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा पुरे. पॅचचे कोपरे गोल काढा. जुन्या पत्र्यावर चढवून लावण्यापेक्षा कडेला कड भिडवून लावा. चढवलात की नवी फट तयार केलीत. आर्क वेल्डिंग या जाडीला भोकं पाडतं. मिग, गॅरेजमध्ये ज्याला सीओटू म्हणतात ते, ०.८ मिमीच्या तारेने. एका दमात ओढायचं नाही. इथे एक टाका, वीतभर लांब दुसरा, मग तिसरा मधे, पत्रा हाताला सोसवेल इतका थंड झाल्यावरच पुढचा. नाहीतर सपाट फ्लोअरची पन्हाळ होते.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा का नको, असं विचारतात. लावा, पण जस्ताचा थर वेल्डिंगच्या जागी आधी घासून काढा आणि धूर अंगावर घेऊ नका, त्या धुराने ताप भरतो. जुन्या रंगाचंही तेच. पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासण्यापेक्षा पाणी लावून घासा, आणि पोरांना त्या दिवशी अंगणातून हाकला.

बॉडी ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या दाबाने कण मारून गंज उडवायला, देणार असाल तर वाळूने करणाऱ्याकडे देऊ नका. वाळूची धूळ त्याच्याच फुप्फुसात जाते. ग्रिट किंवा गार्नेटवाला शोधा. आणि बोनेट, टेलगेट यांसारखे मोठे सपाट भाग त्याला देऊ नका, ते वाकडे होऊन परत येतात.

प्रायमरचा दिवस

रेड ऑक्साईडबद्दल आपल्याकडे भलतीच श्रद्धा आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा रेड ऑक्साईड सच्छिद्र असतो. वर लगेच रंग चढवला तर खिडकीच्या गजांना चालून जातं, पण 'प्रायमर मारून ठेवलाय, रंग मेमध्ये बघू' असं म्हणून गाडी चार महिने उभी केली की दमट हवा त्यातून आरपार पत्र्यापर्यंत पोचते. गाडीभर एकसारखी नारिंगी झाक येते ती यामुळे. जीपसाठी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. महाग आहे, पण दर वर्षी परत रंगवण्यापेक्षा स्वस्त. लांबी भरायचीच असेल तर या इपॉक्सीच्या वर भरा, खाली नाही.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. सकाळचं दव उडून गेल्यावर, साधारण अकरानंतर. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. घासलेला पत्रा रात्रीवर टाकू नका. मिठाची परीक्षा झाली की शेवटचं घासणं, पुसणं आणि पहिला हात एकाच दिवशी. धारदार कडांवर रंग ओढला जाऊन पातळ होतो, म्हणून सगळ्या कडा कानसने किंचित मारून घ्या आणि मुख्य हाताआधी कडा, वेल्ड आणि बोल्टांच्या भोकांना ब्रशने एक वेगळा हात द्या. हा एक हात पेंटर नेहमी गाळतात.

जोड बुजवायला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा, इपॉक्सी वाळल्यावर. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन घेऊ नका. त्यातून निघणारं आम्ल पत्र्यालाच खातं, शिवाय त्यावर रंग बसत नाही. आणि सीलंट वरच्या बाजूने लावायचा, जिथून पाणी शिरतं. खालची कड उघडी ठेवा. दोन्हीकडून बंद केलंत तर आत गेलेलं पाणी कायमचं तुमचं. वरचा पीयू रंग मात्र घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरच्या वाफा साध्या मास्कने अडत नाहीत. ते बूथवाल्याला द्या, किंवा सिनथेटिक इनॅमल ब्रशने मारा. जीपला ब्रशचे फराटे शोभतातसुद्धा.

पोकळ पट्ट्या परत जोडल्या की दोन्ही टोकांना, सगळ्यात खालच्या बिंदूला, ८ ते १० मिमीचं भोक पाडा, कडांना प्रायमर लावा आणि लांब नळीच्या नोझलने आत कॅव्हिटी वॅक्स फवारा. वॅक्स भोकातून ठिबकायला लागलं की पुरे झालं. जळकं ऑईल मारणारे बरेच आहेत. गंज अडतो थोडाफार, पण रबरी बुश आणि पॅड फुगतात, पुढे कधी वेल्डिंग करायचं तर सगळं पेटतं, आणि ते ऑईल पहिल्या पावसात विहिरीकडे जातं. डांबरी अंडरकोटिंग तर जुन्या चेसिसवर मारूच नये असं माझं ठाम मत आहे. दोन वर्षांत त्याला बारीक भेगा पडतात, पाणी आत शिरतं, वरून काळंकुळकुळीत छान दिसत राहतं आणि खाली चेसिस संपते.

चेसिस आणि कागद

टबला भोक पडलं तर पाय ओले होतात. चेसिसला पडलं तर गाडी मोडते. पाट्यांचे हँगर, शॅकल आणि क्रॉस मेंबरचे जोड इथे टोचून बघा. तिथे पत्रा गेला असेल तर चौकोनी ठिगळ लावून उभ्या रेषेत वेल्ड करू नका, भेग त्याच रेषेत जाते. टोकं निमुळती असलेली प्लेट लागते, आणि ते काम ट्रकच्या चेसिस करणाऱ्या माणसाकडून करून घ्या, डेंटरकडून नाही. चेसिस नंबरच्या जागी ग्राइंडर फिरू देऊ नका. नंबर पुसला गेला तर आरटीओत गाडी तुमचीच आहे हे पटवताना नाकी नऊ येतील. घासण्याआधी फोटो काढा, वर मास्किंग टेप लावा, शेवटी तिथे पारदर्शक लॅकर.

'इतकं कशाला, डबवालीहून नवी बॉडी मागवा' असा सल्ला हमखास मिळतो. हरियाणातल्या मंडी डबवालीत नव्या टबसकट अख्खी जीप उभी करून देतात, हे खरं. पण तुमची गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपुढची असेल आणि तिला व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल तर थांबा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये आणलेल्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. थोडक्यात, रोज शेतावर जायला जीप हवी असेल तर या भानगडीत पडूच नका. आणि व्हिंटेज करायची असेल तर जुना टब पॅच लावूनच वाचवा.

यानंतर वर्षातून दोनदा खाली झोपायचं. मृगाच्या आधी सगळी भोकं तारेने मोकळी करून वॅक्स बघायचं, आणि नवरात्रात चेसिसच्या आतल्या कडांवरची माती धारेने धुऊन दोन दिवस उन्हात, मॅट न घालता, टेलगेट उघडं ठेवून गाडी उभी करायची. ताडपत्री टाकून ठेवत असाल तर ती बॉडीला चिकटू देऊ नका. हुडाच्या कमानींवर टाका, खालून हातभर वारा खेळता ठेवा. आणि किनाऱ्यावर न्यायचा मोह झालाच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.